ज्याचं सोवळं त्यानेच धुवायचं

॥ श्री ॥

उज्जैन,
१४ सप्टेंबर १९९५, गुरुवार

चि. जयूभावजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमची गाडी नागपूरला वेळेवर लागली असेल आणि मीराने तुम्हाला पिशवीसकट आत घेतलं असेल. डब्यात घारगे कमी निघाले तर तिने मला विचारू नये. भोपाळ यायच्या आधीच डबा उघडला असणार तुम्ही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही दहा वर्षांचे होतात, तेव्हापासूनची खोड आहे ती.

मामंजींचं तृतीयेचं श्राद्ध पार पडलं, बरं वाटलं. बँकेत मोठे साहेब असाल, पण अपसव्य म्हटल्यावर जानवं कोणत्या खांद्यावर न्यायचं ते तुम्हाला अजून कळत नाही. तुमचे भय्या आतल्या खोलीतून कॉटवर पडल्यापडल्या ओरडून राहिले होते, ‘अरे उजवा, उजवा खांदा!’ आणि तुम्ही आपले सदऱ्याची बटणं चाचपत होतात. मला हसू यायला हवं होतं. पूर्वी आलं असतं.

तुम्ही तीनदा विचारलंत की भय्या स्वतः का नाही बसले श्राद्धाला. मी सांगितलं की हर्नियाचं ऑपरेशन झालंय, मांडी घालता येत नाही. तेच धरून चाला.

इकडे पितृपक्षाची नेहमीची धामधूम आहे. रामघाटावर पाय ठेवायला जागा नाही. यजमान लोक घाटावर हे दिसले नाहीत की सरळ घरी येतात, ‘पंडितजी कहाँ हैं, हमारे तो दादाजी का भी वही करते थे.’ मी दारातूनच सांगते, तबियत ठीक नहीं. कोणी बडोद्याहून आलेले असतात, कोणी खरगोनहून. दुसऱ्या गुरुजींकडे पाठवते त्यांना. हे आतून सगळं ऐकतात आणि भिंतीकडे तोंड करतात.

आता एक विचारायचं आहे. कसं विचारू ते दोन दिवस समजत नव्हतं, म्हणून सरळ विचारते.

तुम्ही होतात तेवढे दिवस मोरीत मुंग्या लागल्या. तुम्ही गेलात आणि मुंग्या गेल्या. तुम्ही न्हाणीघरात फार वेळ लावत होतात, आणि खोबरेल तेलाची वाटी मागून घेतलीत ती आतच राहिली. तुमचे कपडे मी बादलीत भिजवले तेव्हा मला आणखीही काही दिसलं. काय ते लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. लघवीला आग होते का? शुगर कधी तपासली होती का? त्या जागी काही त्रास असेल तर डॉक्टरला दाखवा. वैद्य नको, डॉक्टर. आणि आठवड्याच्या आत दाखवा, दिवाळीनंतर बघू असं करू नका.

वहिनी असून असलं विचारते, राग मानू नका. फोनवर विचारता आलं नसतं. फ्रीगंजच्या एसटीडी बूथला काचेचा दरवाजा आहे खरा, पण तो लागत नाही, आणि बाहेर रांगेतले लोक तोंडाकडे बघत उभे असतात. हे पत्र लिहिल्याचं तुमच्या भय्यांना माहीत नाही.

मीराला आणि मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर टाका, नुसती खुशाली नको.

प्रतिभावहिनी

ता. क. तुमचा टॉवेल इथेच राहिलाय. धुऊन ठेवलाय.


उज्जैन,
२४ सप्टेंबर १९९५, सर्वपित्री अमावास्या

जयूभावजी,

आज वर श्री घातलेला नाही. जे लिहायचंय त्याच्यावर श्री घालायला हात उचलला नाही. हे पत्र एकट्याने वाचा आणि मग मीराला द्या. आधी तिला देऊ नका, पण नंतर नक्की द्या.

तुमचं उत्तर काल आलं. तुम्ही लिहिता की नागपूरच्या उन्हाने उन्हाळी लागलीय, सब्जा घेऊन राहिलोय, खोबरेल लावतो, आराम आहे. आणि वर लिहिता, ‘वहिनी, हे मीराला कळवू नका, ती उगाच घाबरेल.’ अहो, सप्टेंबर महिन्यात कसली उन्हाळी? चार पानांच्या पत्रात दीड पान गणपती दूध प्यायला त्याचं आहे. इथेही प्यायला. गुरुवारी अख्खं गाव चमचे घेऊन धावत होतं, दुधाच्या दुकानात दूध उरलं नाही. शेजारची अक्का मला बोलवायला आली, ‘वहिनी, चला ना, चमत्कार बघून या.’ मी गेले नाही. तुमच्या भय्यांनी विचारलं, काय गडबड आहे? सांगितलं. म्हणाले, ‘पितोय तर पिऊ दे.’ आयुष्यभर देवाचं केलेला माणूस असं बोलला, आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच वाटत नाही. दात काढायला भूल देतात तेव्हा ओठ असतो पण आपला नसतो, तसं झालंय.

तर ऐका. तो हर्निया नव्हता.

पुरुषाच्या इंद्रियाचा कॅन्सर होतो हे मला माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं. पुढच्या कातडीच्या आत झाला. माघात इंदूरला जे ऑपरेशन झालं त्यात अर्ध्याहून जास्त कापून टाकलं. आता लघवीला बसून जावं लागतं. लिहिलं बघा. 

तुम्हाला हे सगळं सविस्तर सांगते, कारण तुम्ही दोघे एकाच बापाचे मुलगे आहात आणि मुंजीत दोघांनाही मामंजींनी एकच गोष्ट शिकवली होती. कमरेखाली हात लागला की पुन्हा स्नान. नदीत असो की घरात, उघड्याने अंघोळ करायची नाही, पंचा नेसूनच पाणी घ्यायचं. तुमचे भय्या दिवसातून तीनदा अंघोळ करायचे. थंडीतसुद्धा पहाटे शिप्रेत उतरायचे. लोक म्हणायचे, यांच्यासारखं सोवळं अख्ख्या रामघाटावर नाही. आणि पंच्याच्या आत त्या कातडीखाली पाणी कधी पोचलंच नाही. इंदूरच्या सर्जननी विचारलं तेव्हा हे म्हणाले, लहानपणापासून ती मागे जातच नाही, सगळ्यांचं असंच असतं ना? डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, ‘पंडितजी, आप दिन में तीन बार नहाते हैं, और यह जगह बरसों से सूखी की सूखी.’

तेच मग समजावून बोलले. लहान मुलाची ती कातडी चिकटलेली असतेच, ती ओढायची नसते, हळूहळू आपोआप सुटते. पण मोठेपणी सुटली नाही, किंवा सुटलेली पुन्हा घट्ट झाली, तर दाखवायला पाहिजे. आत मळ साठतो, सूज येते, चिरा पडतात, आणि ते वर्षानुवर्षं चालू राहिलं तर कधीतरी असं होऊन बसतं. सगळ्यांना होत नाही, क्वचित होतं. यांना झालं.

तुम्ही म्हणाल, वहिनी, तुम्हाला कसं नाही कळलं? विचारूच नका. तुम्ही या घरात वाढलात, आठवा. ज्याचं सोवळं त्यानेच धुवायचं. सोवळ्याचं धोतर, लंगोट, पंचा, सगळं हे स्वतः धुवायचे आणि उंच वलणीवर काठीने वाळत घालायचे. माझी सावली पडली तरी परत धुवायचे. अडतीस वर्षांत यांचं धोतर मी हातात घेतलं नाही. तुमची चड्डी-बनियन मात्र मी बादलीत भिजवली, कारण तुम्ही बँकवाले, तुम्हाला कसलं सोवळं. म्हणून तुमच्या कपड्यावरचा डाग मला दिसला. यांच्या धोतरावरचा दिसला नाही. पिवळा होता तेव्हाही नाही, आणि लाल झाला तेव्हाही नाही.

तशी एक संधी आली होती. दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास यांना लघवी होईना. धारच बारीक झाली होती, कातडीचा फुगा व्हायचा आणि थेंब थेंब यायची. तेव्हा तरी यांना मला सांगावं लागलं. मी यांना रिक्षात घालून फ्रीगंजमध्ये एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं, शुगर काढली, ती तीनशेच्या घरात निघाली. म्हणाले, शुगरमुळेच हे वाढलंय, गोळ्या चालू करा, आणि पुढची घट्ट कातडी काढून टाकू, ‘आधे घंटे का काम है, शाम को घर.’

हे टेबलावरून उठले, पायात चपला घातल्या आणि बाहेर. मी मागे धावले. रिक्षात बसल्यावर हळू आवाजात म्हणाले, ‘म्हणजे सुंता.’ मी म्हटलं, औषध आहे ते, कोणी धर्म विचारायला नाही बसलंय. तर म्हणाले, ‘घाटावर ओल्या पंच्यात उभा राहतो मी. ओल्या पंच्यात काय झाकतं? उद्या कोणी पाहिलं तर? गाव काय म्हणेल, पितरांना पाणी देणारा ब्राह्मण आणि हे?’ ते दिवसही कसे होते तुम्हाला आठवतं. ज्याच्या त्याच्या तोंडी हिंदू-मुसलमान, दुसरा विषय नव्हता. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. भांडले. दोन दिवस जेवले नाही. यांनी माझ्याकडून शपथ घेतली, गळ्यातल्या मंगळसूत्रावर हात ठेवायला लावून, की हा विषय कोणापाशी काढायचा नाही. जयूपाशी तर मुळीच नाही.

मग वैद्य झाले. कडुलिंबाचं पाणी झालं, हळद-तूप झालं, लाल औषधाच्या पाण्यात बसणं झालं. भस्मसुद्धा लावलं हो, चिरलेल्या जागेवर भस्म! शुगरच्या गोळ्या घेतल्या तर घेतल्या. थोडं बरं वाटायचं, पुन्हा सूज. मी विचारलं की म्हणायचे, ‘आराम आहे.’ तुमच्या पत्रातही हेच शब्द आहेत, ‘आराम आहे.’ काल ते वाचलं आणि मला एवढा राग आला की पत्र तसंच्या तसं चुलीत घालावं असं वाटलं. रडू नाही आलं. राग आला. कित्येक महिन्यांनी काहीतरी आलं.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर घरात वास यायला लागला. मला वाटलं माळ्यावर उंदीर मेला. मी सगळे डबे काढले, माळा धुतला. हे सकाळ-संध्याकाळ चंदन उगाळून अंगाला फासायचे, उदबत्त्या दोन-दोन लावायचे. मी चिडून म्हटलं सुद्धा, काय हा मेला चंदनाचा कारखाना काढलाय. यजमान मंडळी मात्र खूश, पंडितजींच्या अंगाला सदा चंदनाचा सुगंध. पौषात एक दिवस हे घाटावर चक्कर येऊन पडले. लोकांनी उचलून आणलं, धोतर सगळं रक्ताने भरलेलं. आणणाऱ्यांना वाटलं मूळव्याध आहे. मी पण तसंच सांगितलं. नंतर दार लावून पहिल्यांदा पाहिलं मी.

काय पाहिलं ते लिहीत नाही. मी बाजारातून आता फुलकोबी आणते का ते विचारा आमच्या मानसीला. नाही आणत मी.

मानसीनेच इंदूरला सगळी धावपळ केली. लग्न झालेली पोर, सासरच्यांना सांगितलं की बाबांना किडनी स्टोन. प्रत्येकाला वेगळं सांगितलंय आम्ही. तुम्हाला हर्निया, तिच्या सासरी स्टोन, घाटावर मूळव्याध. एखाद दिवशी दोघं भेटले तर काय होईल असं मला पूर्वी वाटायचं. तुकडा तपासायला पाठवला, मग ऑपरेशन, मग मशीनचा शेक, रेडिएशन म्हणतात तो. जांघेत गाठी होत्या, त्या काढल्या, तिथली जखम भरत नाही. आषाढात सांगितलं की ते पोटात पोचलंय. आता इंदूरला नेत नाही आम्ही. डॉक्टर मानसीला म्हणाले की दिवाळी होईल. त्याच्या पुढचं बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

तुम्ही श्राद्धाला आलात तेव्हा हे कॉटवरून उठले नाहीत, ते मांडी घालता येत नाही म्हणून नव्हे. ऑपरेशननंतर घरी आले त्या दिवशी यांनी पोथ्या बांधून ठेवल्या. म्हणाले, ‘व्यंग असलेल्या ब्राह्मणाला अधिकार नाही. कोणाला दिसो न दिसो, मला तर माहीत आहे.’ मी म्हटलं, देवाला चालतं सगळं. तर म्हणाले, ‘देवाचं नाही, शास्त्राचं बोलतोय.’ स्वतःच्या बापाच्या श्राद्धाला हात लावला नाही, आणि तुमचा खांदा चुकला तर जीव गोळा करून ओरडत होते. तुम्ही निघून गेल्यावर त्या दिवशी भाताचं एक शीतही तोंडात घातलं नाही. मी फार आग्रह केला नाही.

आता पट्टी रोज मीच बदलते. ज्या माणसाचं धोतर हातात घेतलं नाही त्याचं सगळंच आता माझ्या हातात आहे. हे डोळ्यांवर उपरणं घेऊन पडतात. मी गरम पाणी, गॉज, चिमटा, सगळं घेऊन बसते आणि काम संपलं की हात धुऊन पोळ्या करायला जाते. पहिल्या दिवशी वाटलं होतं की जेवण जाणार नाही. जातं.

आता तुमचं. नीट वाचा, दोनदा वाचा.

तुम्हाला हाच रोग आहे असं मी म्हणत नाही. घाबरू नका. मानसीने त्या सर्जनना विचारून घेतलं, नाव न सांगता, माझे एक काका आहेत म्हणून. ते म्हणाले की पन्नाशीच्या माणसाची कातडी नव्याने घट्ट झाली, चिरा पडायला लागल्या, आत पांढरं साठतं आणि खाज-आग होते, तर बऱ्याच जणांना शुगर निघते. त्यातूनच बुरशी धरते. शुगर आवरली, मलम लावलं, की बरं होतं. नाही झालं तर ते छोटं ऑपरेशन. संध्याकाळी घरी. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पत्रातून कोणी सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टरला दाखवायला लाजायचं नाही. घट्ट झालीय, लाल झालीय, वास येतोय, पाणी किंवा पू येतोय, तर त्या आठवड्यात जायचं. आत गाठ लागली, फोड आला आणि दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, रक्त दिसलं, तर लगेच. लघवी अडली तर त्याच दिवशी, आणि कातडी मागे गेली आणि पुढे येईना, सुजायला लागली, तर त्याच तासाला, रात्र असो की दिवाळी असो. हे शेवटचं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं.

आणि रोजचं. अंघोळीला पंचा सोडा. कातडी जेवढी सहज जाते तेवढीच मागे घ्यायची, जबरदस्ती नाही. कोमट पाण्याने धुवायचं, हलक्या हाताने कोरडं करायचं आणि कातडी परत पुढे आणून ठेवायची. तिथे साबण चोळू नका, डेटॉल नको, भस्म नको, खोबरेलाची वाटी तर फेकूनच द्या. एवढंच आहे सगळं. दोन मिनिटांचं काम. मी डॉक्टरांना विचारलं होतं, मग ती कातडी वाईटच का? ते म्हणाले, ‘नहीं माताजी, चमड़ी में कोई दोष नहीं, बस धोते रहो, और तकलीफ़ हो तो दिखाओ.’ हे तिथेच पडले होते, ऐकत होते.

तुम्ही संध्या सोडलीत, पूजा सोडलीत, मांसमच्छी सुद्धा खाता, मीराने सांगितलंय मला. मामंजींचं सगळं सोडलंत. त्यातलं एवढंच एक धरून ठेवलंत, की तिथे हात लावायचा नाही आणि कोणाला सांगायचं नाही.

काल तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. पहिलं पत्र मी लपून लिहिलं होतं तेही सांगितलं, बादलीतलं सगळं सांगितलं. शपथ मोडते म्हटलं. मला वाटलं होतं की ओरडतील. ओरडले नाहीत. मग म्हणाले, ‘लहान होता तेव्हा माझ्याच पंच्याला धरून पाण्यात उतरायचा.’ तोंड फिरवून घेतलं. पुन्हा वळले आणि म्हणाले, ‘लिही. सगळं लिही. काय कापलं ते पण लिही.’

म्हणून लिहिलं. आता यांचं आणि माझं जे ठरलंय ते सांगते.

आम्हाला मुलगा नाही. यांचं काही झालं की अग्नी तुम्ही द्यायचा, हे सगळं गाव धरून चाललंय, तुम्हीही धरून चालला असाल. मानसी एसटीडीवरून तुम्हाला फोन करेल आणि तुम्ही पहिल्या गाडीने निघाल. निघू नका. त्याच्या आधी तुम्ही डॉक्टरला दाखवलेलं असलं पाहिजे, आणि त्यांनी काय सांगितलं ते मीराच्या हातचं लिहून माझ्याकडे आलेलं असलं पाहिजे. तुमच्या हातचं नको, तुम्ही ‘आराम आहे’ लिहाल. ते आलेलं नसेल तर या घरात पाऊल टाकू नका. मी दार उघडणार नाही. चार लोक मध्ये पडले तरी नाही. अग्नी मानसी देईल.

मी यांना विचारलं, मुलीने दिलेला चालतो का शास्त्रात? तुमचे भय्या म्हणाले, ‘चालवतो. पोथी सोड, शोधून ठेवतो.’ आणि खरंच, आज आठ महिन्यांनी पोथ्यांची गाठ सोडायला लावली. आत्ता उशाशी चष्मा लावून पानं उलटताहेत. 

हे त्यांनी मानसीसाठी शोधू नये असं मला वाटतं. मला वाटतं की तुम्ही यावं, उजव्या-डाव्या खांद्याचा घोळ घालावा, आणि यांना तुमच्याच हातून सगळं मिळावं. पण तुम्ही धडधाकट आलात तरच. दोन भावांचं एकाच तऱ्हेने मला करायचं नाही, आणि मीरावर तर मी ही वेळ येऊ देणार नाही.

उद्या सोमवार. सकाळी पत्र पेटीत टाकते. तुम्हाला गुरुवारपर्यंत मिळेल, शुक्रवारी रजा टाका.

अजून तरी सौ.,
प्रतिभावहिनी